व्याजाचा फोन

“अहो, स्पीकर लावा. मलाही ऐकू दे,” बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी निमूटपणे बटण दाबलं. हे संभाषण रेकॉर्ड होत असल्याची सूचना झाली आणि ते खुर्चीत सावरून बसले.

एकतीस वर्षं ते दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत आले होते. काचेचं माप केसभर चुकलं तर फुकट नवी करून देणारा माणूस. पण स्वतःसाठी त्यांनी कधी कुणापाशी शब्द टाकला नव्हता. गेल्या वर्षी बायकोच्या पोटाचं ऑपरेशन तातडीनं करावं लागलं, तेव्हा क्रेडिट कार्डच कामी आलं. ती बरी झाली, घरभर फिरू लागली, त्यांच्यावर डाफरू लागली. त्याबद्दल ते रोज मनातल्या मनात हात जोडत. मात्र दर महिन्याला पगाराचा मोठा घास भरूनही मुद्दल जागचं हलत नव्हतं. शेवटी बायकोनंच कार्डाच्या बँकेचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला होता.

“बोला सर,” पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

“व्याज थोडं कमी झालं तर बरं होईल. हप्ता एकही चुकवलेला नाही. पण तुमची अडचण असेल तर राहू द्या.”

बायकोनं कपाळाला हात लावला.

मुलीनं सगळी हकिकत विचारली. कशासाठी खर्च झाला, आता तब्येत कशी आहे, तेही विचारलं. मग म्हणाली, “माफ करा सर. व्याज कमी करायचा अधिकार आमच्या विभागाला नाही.”

“बरं बरं. उगीच त्रास दिला तुम्हाला.”

“फोन ठेवू नका. सर, तुम्हाला कार्ड बंद करायचंय का?”

“छे हो! तुमच्या कार्डामुळं तर ही आज समोर बसलीय.”

मग मुलगी एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “काका, मी परत विचारते. कार्ड बंद करायचा विचार आहे का? असेल, तर मला फोन दुसऱ्या विभागाकडे द्यावा लागतो. ग्राहक जाऊ नये म्हणून काय करता येईल, ते तिथं बघतात.”

चष्मेवाले गोंधळून बायकोकडे बघू लागले. तिच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला होता. “हो म्हणा,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

“हो,” ते चाचरत म्हणाले. “म्हणजे, आत्ताच आला विचार.”

“थँक्यू काका,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज हसरा झाला होता.

दुसऱ्या विभागातल्या माणसानं दहा मिनिटांत महिन्याचं साडेतीन टक्के व्याज दीडवर आणलं. बायकोनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, “चहा टाकते,” म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दुकानातून पुन्हा फोन लावला. मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. बऱ्याच वेळानं एक वरिष्ठ बाई लाइनवर आल्या.

“कालच्या कॉलवरून सापडेल ती. तिचं कौतुक नोंदवते, बढतीच्या वेळी उपयोगी पडतं. नेमकी काय मदत केली तिनं?”

चष्मेवाल्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी वावगं एक अक्षर बोलली नव्हती. पण मदत म्हटली, की तिच्यावर बोट ठेवणारा कुणीतरी निघणारच. जिनं आपल्याला वाट दाखवली, तिचीच वाट आपण अडवायची?

“जे विचारायचं असतं, तेच विचारलं तिनं,” ते म्हणाले. “फक्त नीट विचारलं.”

“एवढंच लिहू?”

“एवढंच. पण नक्की लिहा.”

टाइप केल्याचा आवाज आला. बाईंनी वाक्य वाचून दाखवलं.

“एक विनंती आहे,” चष्मेवाले म्हणाले. “‘नीट’च्या आधी ‘फार’ घालाल का?”