चौघांची बाटली

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर आमची रांग असायची, एचआयव्हीची औषधं न्यायला येणाऱ्यांची. तिथे न सांगता पाळला जाणारा एक रिवाज होता. रांगेत मांडीला मांडी लावून बसायचं, पण बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची नाही. माझे कपडे शिवणारी शिंपीण तिच्या मुलाला घेऊन तिथे यायची. दुकानात मात्र माझं माप घेताना ती हवापाण्याचं बोलायची, आणि मीही तेच.

माझी नात ठकी तेव्हा लहान होती. तिची आई, माझी लेक, याच आजारात गेलेली, आणि ठकीलाही तो जन्मापासून होता. त्या वर्षी ठकीला दोनदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी बजावलं की अशा मुलांच्या फुप्फुसांना न्यूमोकोकसचा जंतू चटकन धरतो, लस टोचून घ्याच, पुन्हा झाला तर पोरीला झेपायचं नाही.

लस वरच्या मजल्यावर मिळायची. पण एका बाटलीत चौघांची लस, आणि उघडली की त्याच दिवशी संपवायची. सिस्टर मनाने वाईट नव्हती, पण एकट्या ठकीसाठी बाटली उघडायला तिचा हात धजेना. चार मुलं जमवून आणा, म्हणाली. असं दोनदा परत फिरले. पुढच्या खेपेला जिन्यातच ठरवलं, आज टोचल्याशिवाय घरी जायचं नाही.

खाली येऊन रांगेसमोर उभी राहिले. सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे.

"माझ्या नातीला लस हवी आहे, तशी तुमच्याही मुलांना हवी आहे," मी म्हटलं. "मला कुणाचं नावगाव नको. फक्त मुलांना घेऊन वर चला."

मी जागची हलले नाही. शेवटी एक आजोबा नातवाला घेऊन उठले. ही बाई काही आपल्याला सुखाने बसू द्यायची नाही, असं पुटपुटले. त्यांच्यामागे आणखी तिघंजण मुलांना घेऊन निघाले. त्यांत मान खाली घातलेली शिंपीणही होती.

वर दारापाशी सगळे घुटमळले. माघारी फिरतील या धास्तीने मी त्यांच्याच मुलांना आधी आत सरकवलं. ठकीची पाळी आली तेव्हा सिस्टरने रिकामी बाटली दाखवली. दुसरी उघडायला आणखी तीन मुलं हवी होती.

मी पदर खोचून पुन्हा जिन्याकडे निघाले, तर शिंपिणीने हात धरून मला बाकावर बसवलं आणि आपला मुलगा माझ्या मांडीवर दिला.

"तुम्ही बसा, आजी. त्या रांगेतल्या निम्म्यांचे कपडे मी शिवते. आज ओळख दाखवतात की नाही ते बघतेच."

मग खालून तिचा आवाज आला. कुणाच्या बाह्या आखूड केल्या, कुणाच्या पोराची चड्डी दोनदा उसवून शिवली, सगळ्याची उजळणी चालली होती. थोड्या वेळाने तीन मुलं आणि त्यांची ओशाळून हसणारी माणसं जिना चढून आली.

सिस्टरने दुसरी बाटली उघडली. या वेळी ठकी सगळ्यांत पुढे होती. सुई टोचताच तिने असं भोकाड पसरलं की खिडकीतलं कबूतर उडालं. वर्षभर तिच्या छातीत इतका जोर मी ऐकलाच नव्हता. मी तिला गप्प केलं नाही.