एकशे बारा नंबरचा नैवेद्य

नारायणराव मास्तरांनी जन्मभर जमवलं त्यात पैसा सोडून सगळं होतं. लाकडी बैल, पितळी समया, गावामागच्या टेकाडात सापडलेल्या मातीच्या बाहुल्या. त्यातली एक कुरळ्या केसांची बाहुली समुद्रापलीकडच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत. शेवटी राहतं घरच त्यांनी संग्रहालयासाठी सरकारला दिलं आणि नवराबायको मागच्या दोन खोल्यांत आली. देव तेवढे जुन्या देवघरात राहिले. ते मंगळवारी, चांगला दिवस बघून हलवायचे होते.

मंगळवारी अनसूयाबाई सोवळं नेसून गेल्या, तर देव्हारा रिकामा. आदल्या सांजेला त्या भजनाला गेल्या आणि तेवढ्यात पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी घरातली जुनी वस्तू न् वस्तू यादीत घेतली. मास्तरांनी न वाचता सही ठोकली. कुलदेवीचा चांदीचा टाक आता काचेच्या कपाटात होता, यवनांच्या बाहुलीच्या शेजारी. खाली चिठ्ठी, एकशे बारा. कपाटाला कुलूप, कुलपावर लाखेची मोहर, आणि किल्ली साहेबांच्या खिशात धाराशिवला.

बाईंचा एकतीस वर्षांचा नेम होता. देवीला स्नान आणि नैवेद्य झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत, आणि घरात कुणाला पान वाढत नसत. शेजारच्या द्वारकाबाई काचेला नाक लावून बघून आल्या आणि म्हणाल्या, "वैनी, तुमची देवी सरकारी नोकरीला लागली की."

अनसूयाबाई चुलीकडं वळल्या. साहेब दुपारी जेवायला यायचे होते, म्हणून त्यांनी पुरण शिजत घातलं.

साहेब मोटारीतून उतरून दोन कोस चालत आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. समोर पान मांडलेलं, पण कोरडं. आतून तुपाचा वास येत होता. साहेब दोनदा खाकरले. सकाळपासून उपाशी असलेले मास्तर आढ्याकडं बघत राहिले.

दाराआडून बाई हळूच म्हणाल्या, "स्वयंपाक झालाय, भाऊ. देवी जेवली की वाढते."

"मग जेवू द्या की."

"ती तुमच्या कपाटात आहे."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी पाटाकडं. मग साहेबांनी नियम सांगितला, की मोहर लागलेली वस्तू औरंगाबादच्या कचेरीच्या हुकमाशिवाय बाहेर निघत नाही.

"बरं," बाई म्हणाल्या, "हुकूम येईस्तोवर थांबू." आणि जपमाळ घेऊन बसल्या. आवाजात राग नव्हता. हुकमाला आठ दिवस लागतात हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक?

त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि परीक्षेच्या पोरासारखं चाळलं. एका पानावर बोट थांबलं. धातूच्या वस्तू जबाबदार व्यक्तीकडून वेळोवेळी स्वच्छ करून घ्याव्यात.

"चांदी कशानं घासता तुम्ही?"

"चिंचेनं. मग पंचामृतानं."

"चिंच लिहितो," साहेब म्हणाले. "पंचामृत राहू द्या."

यादीत नोंद झाली. एकशे बारा, स्वच्छता रोज, जबाबदार अनसूयाबाई. साहेबांनी स्वतः मोहर फोडली आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवली. पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि साहेबांनी सात पोळ्या खाल्ल्या.

भरल्या पोटानं निघताना ते कपाटापाशी थबकले. यवनांच्या बाहुलीसमोरच्या काचेवर ओलं कुंकू होतं, खाली पुरणाचा एवढासा गोळा.

"हे काय, बाई?"

"शेजारीण आहे ना तिची," अनसूयाबाई म्हणाल्या. "एकीला वाढायचं अन् दुसरीनं बघत बसायचं, बरं दिसतं का ते?"