आत्या वर, मी खाली

परीक्षकबाई काळा चष्मा लावून बाकावर बसल्या आणि मी घाबरलेच. काळ्या चष्म्यातून माणूस कुणाकडे बघतंय, कळतच नाही!

व्हॉलीबॉलच्या पंचांची परीक्षा, जोडीने. आत्या जाळ्याच्या एका टोकाला उंच स्टँडवर, मी समोर खाली जमिनीवर. महिनाभर शाळेत मी मोठ्या तोऱ्यात मिरवत होते. आत्याचं मात्र धाबं दणाणलेलं. लग्नानंतर तिने शिट्टी आत्ता कुठे हातात घेतलेली.

"ए, स्टँड हलतोय का गं?"

"आत्या, तूच हलतेस."

ती हसली नाही. "आज नापास झाले ना, तर शिट्टी कायमची कपाटात."

झालं! माझी भीती तिथेच दुप्पट झाली.

पहिल्याच सेटमध्ये चेंडू अडवणाऱ्या मुलीच्या बोटांना चाटून बाहेर गेला. आत्याला दिसलंच नाही. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी छातीपाशी हळूच बोटांवरून बोटं फिरवली: लागला. खालच्या पंचाला एवढी खूण चालते, निर्णय वरच्याचा. आत्याने बरोबर निर्णय दिला. पुन्हा तसंच झालं. पुन्हा खूण. मग माझी नजर तिच्यावर चिकटली ती चिकटलीच. आता चुकेल, आता पडेल!

सामन्याचा शेवटचा गुण. मी स्टँडवर हलणारे आत्याचे पाय बघत होते. एवढ्यात शिट्टी! आत्याचा हात जाळ्यावर. खेळाडू जाळ्याला लागली होती.

ते बघायचं काम माझं होतं.

सामना संपल्यावर परीक्षकबाई आल्या. "जाळं कुणाचं?"

"माझं."

"मग तू काय बघत होतीस?"

डोळ्यांवर ऊन आलं, असं सांगता आलं असतं. पण तोंडातून खरं तेवढंच निघालं. "आत्याला."

त्यांनी चष्मा काढला. "आणि तुम्ही हो?"

आत्या स्टँडची दांडी धरून म्हणाली, "बाई, ही माझ्याकडे डोळे फाडून बघतेय म्हटल्यावर जाळं कुणीतरी बघायला नको का?"

आत्या पास. मी पुढच्या महिन्यात परत.

मी नाक ओढत उभी. आत्याने शिट्टी माझ्या गळ्यात घातली. "जोडीला मी येते. पण वर तू चढायचंस. चढून बघ आत्ताच."

मी पायरीवर पाय ठेवला. दुसरा ठेवला.

आई गं! स्टँड खरंच हलत होता.