मेंढरांची बाटली

“समृद्धे, हिकडं ये. न्हाऊ घालतो तुला,” म्हस्कूआबांनी अंगणातून नातीला हाक मारली. पुढ्यात पाण्याची बादली होती आणि हातात तपकिरी बाटली.

चुलीपुढे बसलेल्या गिताबाईने ती बाटली पाहिली आणि ताडकन उठली. मेंढरांच्या गोचडीचं औषध होतं ते! मेंढरं विकून सहा वर्षं झाली, मेंढरांच्या वाड्याच्या जागी ऊस उभा राहिला, पण शेवटची अर्धी बाटली नवऱ्याने फळीवर जपून ठेवली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय खोटं?

सात वर्षांच्या समृद्धीला खरूज झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने लोशन देऊन बजावलं होतं, खाज असो नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठ दिवसांनी पुन्हा. गिताबाईने लावलं, मुलगा संपतने कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट बुडवून लावलं, सून रुपालीने लावलं. आबांनी मात्र लोशनला बोट लावलं नाही. “खरूज मेंढराला व्हती, मला न्हाई,” म्हणाले आणि दोन्ही खेपांना नातीला घेऊन आपल्या घोंगड्यात झोपले. व्हायचं तेच झालं, खरूज पुन्हा उलटली. आज शाळेतून पोरीला दुसऱ्यांदा घरी धाडलं होतं.

गिताबाई पदर खोचून अंगणात आली.

“ती बाटली खाली ठेवा.”

“काय म्हनलीस?”

“बाटली खाली ठेवा म्हनलं.”

चाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्यापुढे ब्र काढला नव्हता. रुपाली हातातलं काम टाकून दारात आली.

“तुला काय कळतंय गं?” आबा कडाडले. “ह्याच्यावर दोनशे मेंढरं नीट केली म्या!”

“मेंढरं केली. संपतला काय केलं, सांगू का सुनंला?”

आबांचा चेहरा उतरला. संपत चार वर्षांचा असताना अशीच खरूज झाली, ह्याच औषधाचं पाणी आबांनी त्याच्या अंगावर ओतलं. तोंडाला फेस आला. टेम्पोत घालून दौंडला नेला, तीन दिवस पोराने डोळा उघडला नाही. काय पोटात गेलं, काय अंगाला लावलं, डॉक्टर विचारून थकले. गिताबाई मूग गिळून बसली. “काय ठावं न्हाई,” एवढंच म्हणाली. पोर वाचलं खरं, पण ते खोटं तिला आजवर सलत होतं.

“तवा तुमची अब्रू झाकली,” ती म्हणाली, “आता न्हाई झाकायची!” तिने आबांच्या हातून बाटली हिसकावली. “रुपाली, लोशन आन. आज पयलं ह्यास्नी लावायचं.”

“मी न्हाई लावनार.”

“नगा लावू. मग पोरगी तुमच्या घोंगड्यात पुन्हा यायची न्हाई. कवाच न्हाई.”

आबांनी समृद्धीकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्या खाजवत पोर म्हणाली, “आबा, लावा की. गार लागतंय.”

आबा ओट्यावर टेकले, सदरा काढला. गिताबाईने त्यांची बोटं फाकवली आणि तिचा हात थबकला. बेचक्यांत, मनगटावर, काखेत, सगळीकडे खाजवून धरलेल्या खपल्या. कधीपासून सोसत होता हा माणूस!

“लई खाजत आसंल की वो,” ती म्हणाली.

“मेंढक्याला खरूज झाली म्हनल्यावर लोक काय म्हनतील?”

“म्हनू द्या.”

तिने मानेपासून तळव्यापर्यंत बोट न बोट चोपडलं. शेवटी आबा खाली मान घालून पुटपुटले, “ती बाटली टाकू नगंस. मेंढरांचं तेवढंच ऱ्हायलंय.”

तिने ती टाकली नाही. पण बाटली तिने आपल्या पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. साबणाने हात धुतले आणि भाकरीचं ताट घेऊन नवऱ्यासमोर बसली. आबांनी सवयीने हात पुढे केला.

“हात धुवायचं न्हाईत सकाळपातूर,” गिताबाईने भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. “आ करा.”

सुनेसमोर, नातीसमोर म्हस्कूआबांनी तोंड उघडलं.