दोन्ही डाव्या कानाची

धाकटी अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी माहेरी, सासरी, शेजारीपाजारी धाकटीच राहिली. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावर तिने महिनाभर घर डोक्यावर घेतलं. कपाटं तीनदा लावून झाली. चौथ्यांदा लावायला घेतल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आता त्या कपाटांना तरी निवृत्त होऊ दे. तुला दागिने घडवता यायचे ना? ते कर की."

एवढं निमित्त पुरलं. वडील सोनार होते आणि दोघी बहिणी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. धाकटीने गॅलरीत टेबल मांडलं, नवी पक्कड आणि चिमटे आणले आणि चांदीची तार हातात घेतली. पहिल्या आठवड्यात बोटं पोळली, तार वाया गेली, चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा लागला. दुसऱ्या आठवड्यात एक नाजूक पान जमलं, आणि त्या आनंदात दुपारचा स्वयंपाक करायचाच राहिला. मुलीने फोटो काढून ओळखीच्या बायकांना पाठवले. कानातल्यांच्या चार जोड्या गेल्या, मग आणखी सात.

"आता दाराबाहेर बोर्ड लावू या," मुलगी म्हणाली.

बोर्ड म्हटल्यावर धाकटीच्या आनंदावर विरजण पडलं. तो बोर्ड तिचा एकटीचा नव्हता. चौतीस वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, ताईने आणि तिने मिळून दुकान काढायचं ठरवलं होतं. ताईला शाळेत कारकुनाची नोकरी चालून आली होती, ती तिने दुकानापायी नाकारली. त्यानंतर दोनच महिन्यांनी धाकटी वीज कंपनीत लागली. अर्ज केल्याचंसुद्धा तिने ताईला सांगितलं नव्हतं. 'दोन वर्षं फक्त, ताई,' असं म्हणून तिने वेळ मारून नेली, आणि दोनाची चौतीस झाली.

ताईने एकटीने दुकान काढलं नाही. इतरांच्या दुकानांतली मोडतोड घरी आणून ती दुरुस्त करत राहिली, तुटक्या साखळ्या, माळांचे निखळलेले फासे, असलं काहीबाही. दोघींचं बोलणं कधी तुटलं नाही. धाकटीच्या बाळंतपणाला, नवऱ्याच्या आजारपणाला ताईच धावून आली. दुकानाचा विषय तेवढा तिने पुन्हा काढला नाही. धाकटीनेही, सोयीचं होतं म्हणून, तो विसरल्याचं सोंग घेतलं. माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो, तशातलंच ते.

आता मात्र तिने मनाशी पक्कं केलं. ताईकडे जायचं आणि बोर्डावर दोघींची नावं घालू या म्हणायचं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने चार दिवस खपून एक जोडी घडवली, गालाकडे झुकणाऱ्या पानांची. पूर्ण झाल्यावर आरशासमोर धरली आणि कपाळावर हात मारला. दोन्ही पानं एकाच बाजूला झुकत होती. दोन्ही डाव्याच कानाची झाली होती. वडिलांच्या हाताखाली असताना ती हमखास हीच चूक करायची, आणि ताई तिच्या मनगटावर चापट मारून म्हणायची, "दुसरा कान घरी ठेवून आलीस का?"

दुरुस्तीला तासभर पुरला असता. धाकटीने ती जोडी तशीच डबीत घातली. तिला ती चापट हवी होती.

ताई खिडकीशी बसली होती. मांडीवर पंचा, हातात कुणाची तरी साखळी, डोळ्याला भिंग. तिने डबी उघडली, पानं बोटांनी चाचपली, एकदा उलटी करून पाहिली.

"छान झालीत," ती म्हणाली आणि डबी मिटली.

"आणि?"

"आणि काय? चकाकी चांगली आली आहे. लोकांना आवडतील."

धाकटीने डबी पुन्हा उघडली. "ताई, दोन्ही डाव्या कानाची आहेत."

"हो. हातात घेतल्याबरोबर कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"दुसऱ्यांच्या कामात आपण होऊन चुका काढू नयेत गं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचंच काम करतेय, एवढं तरी शिकले."

धाकटीने ठरवून आणलेलं सगळं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. बोर्ड, दोघींची नावं, गॅलरीत दुसरं टेबल मावतं, हेही. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"तेव्हा म्हणाली असतीस तर बोर्ड मी माझ्या हाताने रंगवला असता," ती म्हणाली. "आता नको. तुझं तू कर. तुझं चांगलं चाललंय, मला खरंच बरं वाटतंय."

तिला खरंच बरं वाटत होतं. तिच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. राग असता तर धाकटीने पाय धरले असते, रडली असती, भांडलीसुद्धा असती. आता भांडायला काही शिल्लकच नव्हतं.

"चुकलं माझं, ताई."

"हो," ताई म्हणाली, "चुकलं."

मग तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. साखळी न्यायला दुकानाचा माणूस पाचला येणार होता आणि एक कडी अजून जोडायची होती.

"जरा पलीकडे सरकून बस," ती म्हणाली, "उजेड अडतोय."

धाकटी सरकून बसली.