मशीन आधी ऐकतो, मग उघडतो

हेडलाइन लिहायला मला आठ दिवस लागले. हसू नका. नोकरीच्या त्या साइटवर नावाखाली एकच ओळ असते आणि साहेब लोक तेवढीच वाचतात, असं दादाच म्हणाला होता. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याच्याकडे डिप्लोमा, माझ्याकडे काळी नखं. पुड्या भरायची मशीनं मी वर्कशॉपमध्ये पडेल ते काम करत शिकलो.

एका कारखान्यात मेकॅनिकची एकच जागा निघालेली. मला ती हवी होती. म्हणजे हवीच होती. शेवटी ओळ सुचली: "मशीन आधी ऐकतो, मग उघडतो." खरंच तसंच करतो मी. डोळे मिटायचे, कान लावायचा, बिघाड सापडतो.

दादाला पाठवली. लगेच फोन.

"ऐकतो काय रे? मशीन गाणं म्हणतं का तुझं? लोक हसतील. 'मेकॅनिक, सहा वर्षं अनुभव' असं लिही गप."

लिहिलं गप. दादाचा शब्द.

चार दिवसांनी साइटनेच दाखवलं, 'तुम्ही यांना ओळखत असाल'. दादाचा फोटो, टाय लावलेला. खाली माझी ओळ. तिच्याखाली त्याच कारखान्याच्या मॅडम: "वाक्य आवडलं. सोमवारी या, आमचं एक मशीन ऐकवतो."

तसाच दादाला फोन लावला.

"अरे, वाक्य काय कुणाच्या बापाचं असतं? आणि तू तिथे जाऊन तत-पपच केलं असतंस."

"तूही अर्ज केलायस, एवढं तरी सांगायचंस."

"सांगणारच होतो."

सोमवारी अकरा वाजता त्याचाच फोन. कुजबुजत.

"ऐक ना. मशीनपाशी उभा आहे. मॅडम जरा बाहेर गेल्यात. नुसता आवाज ऐक आणि सांग, काय झालंय."

त्याने फोन मशीनला लावला. खटखट, खटखट, मग बारीक चींऽ. दुसऱ्या फेऱ्यातच कळलं. बेअरिंग कोरडं पडलंय. अगदी ओठांवर आलं होतं.

"मॅडम आल्या की त्यांना फोन दे. त्यांना सांगतो."

"वेडा आहेस का?"

"मग तूच ऐक."

कट.

संध्याकाळी आईच्या मोबाइलवर मामी. आईने स्पीकर लावला.

"मशीन उघडलं त्याने, परत जोडताच येईना. चारचौघांत लाज घालवलीस माझ्या पोराची! रक्ताचा ना रे तू? एक वाक्य सांगितलं असतंस तर काय झिजला असतास?"

"एक दिलं होतं की मामी."

मामीला काही कळलं नाही. आईला कळलं. "नंतर बोलू गं वहिनी," म्हणून तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता भांडी लावायला लागली.

जागा अजून रिकामी आहे. पण त्या ओळीवर आता तिथे लोक हसत असणार. नवीन लिहायला बसलो. "मेकॅनिक" लिहिलं, पुढे अडलं. अडलं की दादाला विचारायचं, ही लहानपणापासूनची सवय. बोट अजून त्याच्याच नावावर जातं.