हिल्डा मिसची फ्रेंच बॅच

"गळ्यावर हात ठेवा," हिल्डा मिसनं इंग्लिशमधून फर्मावलं, आणि अकरा माणसांनी आपापला गळा धरला. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, सगळ्यांच्या घशात एकाच वेळी सुरमईचा काटा अडकलाय.

"आता म्हणा, झझझ."

अकरा जणांनी असा काही झझझ लावला की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला वाटलं आपलं मशीन आपोआप सुरू झालं. बिचारा स्विच बंद करून बसला.

"गळा थरथरला? हा व्हॉइस्ड. आता ससस. नाही ना थरथरला? हा व्हॉइसलेस." फळ्यावर दोन रकाने होते. डावीकडं इंग्लिश शब्द, उजवीकडं त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते. व्हॉवेल, वॉयेल. सिलॅबल, सिलाब. व्हॉइसलेसच्या समोर तिनं लिहिलं, सूर्द.

पहिल्या रांगेतली नजात हसायला लागली. ही मोरोक्कोची, दोन वर्षं ब्यूटी पार्लरमध्ये भुवया कोरत होती, आता नव्या हॉटेलात रिसेप्शनवर लागणार होती. म्हणाली, "मिस, सूर्द म्हणजे बहिरा. अक्षर बहिरं कसं असेल?"

उत्तर सुचलं नाही की हिल्डा एखादी गोष्ट सांगायची. म्हणाली, आमच्या गावात एक बहिरा कोंबडा होता. स्वतःचं आरवणं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून तो नुसता मान ताणून चोच उघडायचा. आवाज शून्य. पण सूर्य मात्र वेळेवर उगवायचा. वर्ग खो खो हसला, सेनेगलच्या उंच गड्यानं डोळे पुसले, आणि सूर्द सगळ्यांच्या जन्मभर लक्षात राहिलं.

हिल्डाला फ्रेंच येत नव्हतं, हे एव्हाना कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

चूक मुळात खैरुद्दीनशेठची. म्हणजे हिल्डा स्वतःला असं सांगायची. शेठ श्रीवर्धनचे, दुबईत वीस वर्षं, तिथल्या करामा भागात इंग्लिश शिकवायची इन्स्टिट्यूट काढून बसलेले. अठ्ठ्याण्णव साली एका हॉटेलानं मोरोक्को, ट्युनिशिया, लेबनॉन, सेनेगल असा फ्रेंच बोलणारा स्टाफ भरला आणि त्यांचे उच्चार सुधारायचं काम शेठना दिलं. दहा दिवसांत बॅच सुरू करायची. टीचर असा हवा की इंग्लिश उच्चारांची सगळी परिभाषा फ्रेंचमध्ये समजावेल. शेठ डोकं धरून रिसेप्शनसमोर उभे राहिले. तिथं नऊ वर्षं हिल्डा लोपीस बसत होती. नऊ वर्षं तिच्या तोंडून एकच वाक्य जास्त गेलं होतं, होल्ड ऑन प्लीज.

"अगो हिल्डा," शेठ म्हणाले, "तू वसईची. म्हंजे पोर्तुगीज. पोर्तुगीज काय नि फ्रेंच काय, एकाच आळीतले. तुला येत असंल की थोडा."

आता वसईची हिल्डा पोर्तुगीज तर तिच्या वाडीतला केळीचा घडही पोर्तुगीज. सातवीपर्यंत मराठी शाळा, घरी बोली, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, तीही मराठी. पण दुबईत लोक तिचं नाव ऐकत, झगा बघत आणि ठरवून टाकत की ही इंग्लिशमध्येच जन्मली. हिल्डानं ते कधी खोडलं नव्हतं. त्या दिवशीही नाही खोडलं. म्हणाली, "येतं थोडंफार."

एवढंच असतं तरी देवानं माफ केलं असतं. पण ती हे म्हणाली तेव्हा तिच्या गुडघ्याशी ड्रॉवर होता, आणि ड्रॉवरात दुपारीच आलेली एक फाइल होती. मृणालिनी आपटे. पुण्याच्या कॉलेजात सहा वर्षं फ्रेंच शिकवलेली बाई, डिप्लोमा, डिग्री, सगळे ओरिजिनल. कॉटनची साडी नेसून उन्हात चालत आली होती. इतकं ऊन की रस्त्यावरची मांजरं एकमेकांच्या सावलीत बसली होती. शेठ नव्हते, म्हणून फाइल हिल्डानं घेतली होती आणि गोड बोलून सांगितलं होतं, आले की देते.

ते आले. तिनं दिली नाही.

घरी गेल्यावर मुलीला सांगितलं. नऊ वर्षांची करेन टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाली, "रिअली, ममा? यू आर अ टीचर?" आणि मग नजर हलवली. त्या नजरेनं हिल्डाचं वाटोळं केलं.

पण शिकवायचं काय? तर त्याच फाइलीवर फोन नंबर होता. हिल्डानं फोन लावला. म्हणाली, शेठ बाहेरगावी आहेत, पण मला फोनवर फ्रेंच लोक भेटतात हो, जरा दोन शब्द शिकवाल का?

मृणालिनीताईंना दुबईत येऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, भाजीचे भाव सोडून. त्यांनी हिल्डाला असं बोलावलं जसं माहेरचं माणूस येणार आहे. दर शुक्रवारी मिस्सा आटोपली की हिल्डा त्यांच्या दोन खोल्यांत हजर. ताईंचे मिस्टर धनंजयराव आतल्या खोलीत आठवड्याची झोप काढत, बाहेर दडपे पोहे आणि शिकवणी.

काय शिकवायची ती बाई. हिल्डाला इंग्लिश व्याकरण कधी उमगलं नव्हतं, पण ताईंनी सगळं मराठीतून उलगडलं. "क आणि ग म्हणून बघ. तोंड तेच. ग ला गळा वाजतो. शाळेत घोष-अघोष शिकलीस ना?" शिकली होती, फळ्यावरचं उतरवून. "फ्रेंच माणूस ह म्हणत नाही, त्याला उच्छ्वास टाकायची सवय नाही. त्याच्यासमोर आरसा धर, ह म्हटलं की आरसा धुरकट झाला पाहिजे. आणि टी-एच साठी जीभ दातांत. लाजतात लोक. तू आधी काढून दाखव." ताईंनी वही केली. तीन रकाने, इंग्लिश, फ्रेंच, मराठी. मोत्यासारखं अक्षर. शुक्रवारी वहीत जे उतरायचं ते शनिवारी फळ्यावर चढायचं, मराठीचा रकाना तेवढा गाळून.

निघताना ताई दर वेळी एकच विचारत. सर आले का गं?

मग हिल्डाची जीभ सुटायची. पहिल्या शुक्रवारी सर लंडनला होते. दुसऱ्या शुक्रवारी त्यांना कांजिण्या झाल्या, त्याही या वयात, टकलावरसुद्धा. तिसऱ्या शुक्रवारी ते अल ऐनला उंटांची शर्यत बघायला गेले आणि एक उंट त्यांची ब्रीफकेस घेऊन जो पळाला तो ओमानच्या बॉर्डरवर सापडला, ब्रीफकेस चघळत. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. हिल्डाही हसे. आणि जिन्यात आली की कठडा धरून उभी राही.

ती चर्चमध्ये कन्फेशनला बसायची. बारीकसारीक सगळी पापं सांगायची, शेजारणीचा हेवा केला, नवऱ्याला टाकून बोलले. ही सांगतानासुद्धा थोडं मीठमसाला लावायची. फादर विचारत, अजून काही? ती म्हणायची, नाही फादर. आणि उठून सरळ ताईंकडं जायची.

सातव्या शुक्रवारी पोहे नव्हते. धनंजयराव जागे होते आणि खिडकीशी पाठ करून बसले होते. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "यांची कंपनी बंद होतेय. महिन्याभरात व्हिसा कॅन्सल. मला टीचरचा व्हिसा मिळाला तर माझ्या नावावर आम्ही राहू शकतो. तेवढी एक आशा आहे. सरांना एकदा आठवण करशील?"

हिल्डाकडं त्या दिवशी उंट नव्हता, कांजिण्या नव्हत्या. ती म्हणाली, "इन्शाल्ला, ताई."

रविवारी तिनं फाइल बाहेर काढली. शेठच्या केबिनच्या दारापर्यंत गेली. आतून शेठ फोनवर कुणाला तरी सांगत होते की आमची हिल्डा मिस म्हंजे काय समजलात, हॉटेलवाले खूश. ती परत आली. सोमवारी काढली, परत ठेवली. मंगळवारी नुसता ड्रॉवर उघडला. ती मनाशी म्हणायची, उद्या. मग म्हणायची, बॅच संपू दे, आता मध्येच टीचर बदलला तर पोरांचं नुकसान. पोरं म्हणजे नजात धरून सगळी तिशी ओलांडलेली. त्या शुक्रवारी ती ताईंकडं गेली नाही. ताप आलाय म्हणून कळवलं. पुढच्याही शुक्रवारी ताप.

मग एका बुधवारी संध्याकाळी वर्ग ऐन रंगात होता. मिस म्हणेल ते मागून एका सुरात म्हणायचं, अशी वर्गाची रीत. फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. प्रत्येक शब्दात जोर वेगळीकडं. हिल्डाचा हात वर गेलेला, आणि दारात मृणालिनीताई उभ्या.

रिसेप्शनवर कुणी नव्हतं म्हणून आवाजाच्या मागं आल्या होत्या. त्यांनी हिल्डाकडं पाहिलं. मग फळ्याकडं. फळ्यावर त्यांचे रकाने होते, त्यांच्या क्रमानं, त्यांच्याच उदाहरणांसकट.

"चालू दे," त्या मराठीत म्हणाल्या आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

तेवढ्यात नजातनं हात वर केला. तिला हेच कळत नव्हतं. फ्रेंचमध्ये जोर नेहमी शेवटी येतो, मग इंग्लिशमध्ये तो असा भटकत का फिरतो, आणि तो कुठं बसला हे माणसानं ओळखायचं कसं? सोमवारपासून हॉटेलात उभं राहायचं होतं तिला.

हिल्डानं तोंड उघडलं. सगळे गोष्टीची वाट बघत पुढं सरकून बसले. तिनं खडू उचलला, वर्गाच्या शेवटापर्यंत चालत गेली आणि तो ताईंसमोर धरला.

ताईंनी खडू लगेच घेतला नाही. मग उठल्या, पदर खोचला, फळ्याशी गेल्या. नजातशी त्या सरळ फ्रेंचमध्ये बोलायला लागल्या, आणि नजात, जिला दोन वर्षांत या शहरात कुणी तिच्या भाषेत काही समजावलं नव्हतं, तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. ताईंनी शब्दाचे तुकडे पाडले, जोर असेल त्या तुकड्याच्या डोक्यावर एक बारकी रेघ दिली, बाकीच्या स्वरांना म्हणाल्या, यांना झोपू द्या, इंग्लिशमध्ये एकच स्वर जागा असतो, बाकीचे झोपतात. मग टाळी वाजवून, बाकावर बोटं आपटून अख्खा वर्ग हलवला. वीस मिनिटं. दारात खैरुद्दीनशेठ कधी येऊन उभे राहिले कुणाला कळलं नाही.

"ही बाय कोण?" त्यांनी हिल्डाला विचारलं.

हिल्डा रिसेप्शनवर गेली, ड्रॉवर उघडला, फाइल आणून त्यांच्या हातात दिली. शेठनी अर्जावरची तारीख वाचली. मग परत वाचली. हिल्डाकडं पाहिलं नाही. ताईंना म्हणाले, "म्यॅडम, आजपासून हा वर्ग तुमचा. व्हिसाचे पेपर उद्याच टाकतो."

"उशीर झाला, सर. व्हिसे सोमवारी कॅन्सल झाले. सामान गेलं, मिस्टरांना पुण्यात जागा मिळालीय. शनिवारचं विमान आहे." त्यांनी हात पुढं केला. "मी माझे ओरिजिनल न्यायला आले होते."

सर्टिफिकेटं त्यांनी एकेक करून तपासली, पिशवीत सरळ ठेवली. हिल्डा जिन्यापर्यंत मागोमाग गेली. ताई, ताई एवढंच म्हणत होती. तिसऱ्या पायरीवर ताई थांबल्या.

"वही तुझ्याकडंच राहू दे," त्या म्हणाल्या. "अकराव्या पानावर माझी एक चूक राहिलीय. दोन नंबरचा शब्द खालच्या ओळीत गेलाय. तेवढी दुरुस्त कर. चुकीचं शिकवलं जाऊ नये."

आणि उतरून गेल्या.

शेठनी हिल्डाला काढलं नाही. दुसरा माणूस कुठून आणणार? एवढंच म्हणाले, अशी वाटली नव्हतीस गो. वर्ग पूर्वीसारखा चालू ठेव.

शनिवारी सहा वाजता अकराच्या अकरा जण हजर होते. हिल्डा आत आली तशा सगळ्यांच्या माना तिच्या पाठीमागं दाराकडं वळल्या. मागून कुणी येईना. नजातनं विचारलं, त्या दुसऱ्या मिस कुठं आहेत?

हिल्डानं फळ्याकडं तोंड केलं. एरवी एव्हाना गोष्ट सुरू झाली असती. तिनं शोधली असती तर सापडलीही असती एखादी. ती वर्गाकडं वळली आणि हळू, एकेक शब्द सुटा करून इंग्लिशमधून म्हणाली, कारण त्यांना समजेल अशी तेवढीच एक भाषा तिच्याकडं होती.

"दिस वॉज हर प्लेस. आय डिड नॉट गिव्ह इट टू हर."

आणि अकरा जणांनी, वर्गाची रीत होती तसं, एका सुरात तिच्यामागून म्हटलं, "दिस वॉज हर प्लेस. आय डिड नॉट गिव्ह इट टू हर." ह आरसा धुरकट होईल असा. टी-एच ला जीभ दातांत घेऊन. एकही चूक नाही.

हिल्डानं त्यांना थांबवलं नाही. त्यांनी स्वतःहूनच आणखी दोनदा म्हटलं. सेनेगलच्या गड्याला वाक्य आवडलं असावं, तो बोटांनी बाकावर ताल धरत होता. नजातनं ते वहीत उतरवून घेतलं आणि पेन वर धरून विचारलं, "मिस, यात जोर कुठल्या शब्दावर?"

हिल्डानं वाक्य फळ्यावर लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं, मोठ्या अक्षरात. मग दुसऱ्या वाक्याच्या पहिल्या, एकाच अक्षराच्या 'आय' या शब्दावर तिनं बारकी रेघ दिली आणि वर्गाला पुन्हा म्हणायला सांगितलं.